थंड हात आणि स्कूटरची चाबी

माझ्या बाबांनी आयुष्यात एकच अपघात केला आणि तो फुलकोबीच्या ढिगावर केला.

छत्तीसगड वेगळं झालं, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. बाबा एकाहत्तर वर्षांचे होते. बालाघाटच्या सिंचाई विभागातून बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून रिटायर होऊन त्यांना तेरा वर्षं झाली होती. सकाळी सातला ते स्कूटर काढून गुजरीत मेथी आणायला गेले. थंडी मरणाची. बाजाराच्या तोंडाशी ब्रेक दाबायला गेले, तर उजव्या हाताची बोटं वळेनात. क्लच धरायला गेले, तर डाव्या हाताचीही वळेनात. पायाचा ब्रेक त्यांना आठवलाच नाही. "हाताकडे पाहून राह्यलो होतो न," असं ते नंतर म्हणाले, "हाताकडे पाह्यताना पाय कोणाले आठवते?" स्कूटर चालत्या माणसाच्या वेगानं, अगदी सभ्यपणे, एका बाईच्या फुलकोबीच्या ढिगावर चढली आणि तिथं बंद पडली. बाबा वर बसलेलेच. ती भाजीवाली त्यांच्याकडे बघून म्हणाली, "काकाजी, भाव तो पूछ लेते पहले!"

बाबांनी चेचलेले सगळे गड्डे विकत घेऊन घरी आणले. आम्ही आठ दिवस फुलकोबी खाल्ली. मला अजूनही तिचा वास सहन होत नाही.

ही बातमी माझ्या मोठ्या भावापर्यंत पोचायला एक दिवस लागला. दादा मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत नोकरीला होता आणि तिथं त्याच्याकडे सुरक्षेचं काम होतं. लोकांना टोपी घाला, बूट घाला, खाली बघा, वर बघा, हे सांगण्याचा त्याला पगार मिळायचा आणि घरी आल्यावर तो हेच फुकट करायचा. रविवारी तो मोटरसायकलवर आला, हेल्मेट न काढताच बाबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "चाबी द्या."

"काहून?"

"हात तपासल्याशिवाय स्कूटर नाई."

"हात माह्याच आहे."

"रस्ता सगळ्यायचा आहे, बाबा."

बाबांनी चाबी दिली. ती दादानं आईकडे ठेवायला दिली. आई आमच्या घरात फार कमी बोलायची, कारण आम्ही तिघं तिला वावच देत नव्हतो.

आता ती स्कूटर म्हणजे बाबांना काय होती, ते आधी सांगते, मग हसा. सकाळी नदी, मग गुजरी, मग कचेरीजवळच्या टपरीवर रिटायर मंडळींचा चहा, गुरुवारी आईला मागं बसवून देवळात. सगळं त्या दोन चाकांवर. रिक्षात बसायचं म्हटलं की त्यांना अपमान वाटायचा. मी शाळेत शिकवायला जाताना स्कूटरवर सोडते म्हटलं, तर म्हणाले, "कोणी नेऊन सोडाचं, कोणी उचलून आणाचं. मी काय गॅसचं सिलिंडर आहो?" आणि एके संध्याकाळी, अंगणात उभ्या स्कूटरची सीट पुसताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी गेली का मी गेलोच समज." आमच्या बाबांना असं बोलायची सवय नव्हती. ते तक्रार करायचे, ओरडायचे, वर्तमानपत्राशी भांडायचे, पण असं कधी बोलले नव्हते.

मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि आईबाबांजवळ राहायचे. लग्न झालं नव्हतं. काहून झालं नव्हतं, ते विचारायला सगळं बालाघाट होतं, तेव्हा तुम्ही राहू द्या.

तर हात तपासायला मी त्यांना नागपूरला घेऊन गेले. नसांमधून करंट सोडून त्या किती चपळ आहेत, हे बघणारं मशीन तिथं होतं. झालं काय, की तो माघ महिना होता. बाबांचं माघस्नानाचं व्रत कित्येक वर्षांचं: महिनाभर रोज सूर्य उगवायच्या आत वैनगंगेत जायचं आणि बुडी मारायची. त्या दिवशीही चुकवलं नाही. मी म्हटलं, बाबा, आज राहू द्या, प्रवास आहे. तर म्हणे, "डॉक्टरकडे बिना आंघोळीचं जाऊ काय?" घाटावरून ओल्या केसांनी सरळ बसस्टँड. बसमध्ये जी खिडकी मिळाली तिला काचच नव्हती. बाबांनी शाल मला दिली, स्वतः समोरचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला आणि नागपूर येईपर्यंत सोडला नाही. ड्रायव्हरवर त्यांचा विश्वास नव्हता.

एवढ्यावर भागलं असतं. पण तपासणीच्या खोलीबाहेर नळ होता. बाबा तिथं गेले आणि बाह्या वर करून कोपरापर्यंत हात धूत बसले. धुतले, परत धुतले, साबण मागून घेतला, तिसऱ्यांदा धुतले. मशीनसमोर घाणेरडा हात घेऊन जाणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. पाणी टाकीवरचं, बर्फासारखं.

आतल्या मुलानं त्यांच्या तळहाताला तारा चिकटवल्या आणि मनगटाला करंट दिला. बाबांचा अंगठा टुण्णकन उडाला. बाबा त्याला म्हणाले, "ए!" परत करंट, परत उडाला. मग बाबांनी त्या मुलाची माफी मागितली. म्हणाले, "मी नाई हालवला बरं का. तो आपल्या मनानं हालून राह्यला." बडे बाबू होते ते. विचारल्याशिवाय कोणी हललेलं त्यांना खपायचं नाही.

रिपोर्ट आला. डॉक्टर तरुण, टापटीप, घाईत. म्हणाले, "मेंदूचा निरोप हातापर्यंत फार हळू पोचतोय. स्नायूही उशिरा दाद देतायत. वय झालं की होतं असं. गाडी बंद करा."

बाबांनी विचारलं, "किती हळू? आमच्या खात्याच्या फायलीपेक्षा हळू?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

परत येताना वारासिवनीला बस थांबली तेव्हा बाबा स्वतःचे हात मांडीवर उताणे ठेवून म्हणाले, "निरोप निघून राह्यला, पण पोचून नाई राह्यला. म्हंजे मी आहो, पण हाताले खबरच नाई." मी खिडकीकडे तोंड केलं. रडू यायला लागलं की मला राग येतो आणि राग आला की मी समोरच्याला टाकून बोलते.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीच्या टोकावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. ते आधी रिपोर्टकडे नाही, बाबांकडे बघायचे. हात पुढे करायला सांगितला, धरला आणि दचकलेच. "काकाजी, ये तो मुर्दे का हाथ है!" बाबा नुकतेच नदीवरून आलेले. डॉक्टरांनी मला विचारलं, "नागपूर में भी इतना ही ठंडा था?"

मी नदी, बस, दांडा, नळ सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अरे, हाथ गरम करके टेस्ट करते हैं न! ठंडे हाथ में नस भी सुस्त, मसल भी सुस्त. उमर का हिस्सा अलग है, ठंड का हिस्सा अलग. मशीन को क्या मालूम आप वैनगंगा से निकलकर आए हो?" मग समजावून सांगितलं, की वयानं नसा थोड्या मंदावतात, ते काही परत येत नाही. पण थंडीनं जे जातं ते ऊब मिळाली की परत येतं.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "थंडीचा हिस्सा वापस भेटते?"

"पूरा."

घरी येईपर्यंत बाबा माझ्या पुढे चार पावलं चालत होते.

दादाला एस.टी.डी.वरून फोन केला. तो ऐकेना. म्हणे नागपूरचा रिपोर्ट तो रिपोर्ट, गल्लीतला डॉक्टर काय सांगतो त्याच्यावर मी माझ्या बापाला रस्त्यावर सोडू काय. मी म्हटलं, मग तूच सांग कशानं समाधान होते तुझं? त्यानं तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं: पट्टी.

हा प्रयोग मी मुलांकडून वर्गात करून घ्यायचे. एकानं तीस सेंटिमीटरची पट्टी वरून उभी धरायची. दुसऱ्यानं खाली शून्याजवळ अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. पहिल्यानं न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्यानं पकडायची. जेवढ्या आकड्यावर पकडली तेवढा उशीर. आकडा लहान तर हात चपळ. दादाला हे आवडलं, कारण त्यात आकडा होता. त्यानं अट घातली: हात गरम करा, काय करायचं ते करा, पण लागोपाठ पाच वेळा वीसच्या आत पट्टी पकडली तरच चाबी. माघ संपायच्या आधीचा रविवार ठरला.

पहिल्या दिवशी नदीवरून आल्या आल्या घेतलं. पट्टी सरळ खाली. दुसऱ्यांदा खाली. तिसऱ्यांदा बाबांनी ती पायात पकडायचा प्रयत्न केला. मग भुशाची शेगडी पेटवली, अर्धा तास हात शेकले आणि परत घेतलं: चोवीस, तेवीस, तेवीस. बाबांनी माझ्या हातातून पट्टी घेऊन डोळ्याजवळ नेली आणि वाचली. "एक तासापयले मी मेलो होतो," ते म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्या घराचं जे झालं ते सांगायला मला लाज वाटायची, आता नाही वाटत. बाबांनी हातांना गुलाबी लोकरीचे पायमोजे घातले. पेपर वाचताना पान उलटेना, तर मला हाक मारायचे. जेवण झालं की भाताच्या पातेल्याला दोन्ही तळहात लावून बसायचे आणि आईला कोणाला भात वाढायचा असला तर परवानगी मागावी लागायची. लसूण टाकून कडवलेलं राईचं तेल दिवसातून तीनदा. शाळेतून मी प्रयोगशाळेतला लांब काचेचा थर्मामीटर आणला, हेडमास्तरांना न विचारता, आणि बादलीत चाळीसपर्यंत पाणी करून देऊ लागले. त्यात हात बुडवले की बाबा एकवीसवर यायचे.

प्रश्न होता माघस्नानाचा. व्रत मोडायचं नव्हतं आणि हात थंड करायचे नव्हते. मी म्हटलं, काय करता मग? तर बाबांनी मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी संशय आला म्हणून मी घाटावर गेले, तर बाबा वैनगंगेत गळ्याएवढ्या पाण्यात उभे आणि दोन्ही हात आकाशाकडे, हातात गुलाबी मोजे. बुडी मारताना डोकं खाली जायचं आणि मोजे वर राहायचे. "पुण्य अंगाले लागते," ते म्हणाले, "हाताले नाई लागलं तरी चालते." चार दिवसांनी परत गेले तर घाटावर आणखी तिघं हात वर करून बुड्या मारत होते. एक म्हातारी काठावर बसून बाबांकडे बघून नमस्कार करत होती. मी तिला म्हटलं, आजी, काही नाही हो, ते पट्टी पकडायसाठी करून राह्यले. तिनं मलाही नमस्कार केला.

दादा मधल्या रविवारी पाहणीला आला. बैहरच्या घाटातून, कडाक्याच्या थंडीत, मोटरसायकलवर. हात चोळत घरात शिरला आणि लगेच पट्टी मागितली. बाबा म्हणाले, "पयले तू पकड. पाहू दे आम्हाले बी, सुरक्षावाल्याचा हात कसा असते."

मी पट्टी सोडली. दादाच्या बोटांतून ती खाली पडली. परत सोडली, परत पडली. तीन वेळा. बाबा अतिशय शांतपणे आईला म्हणाले, "अवं, याची बी चाबी काढून घे."

दादा म्हणाला, "मी थंडीतून येऊन राह्यलो न, बाबा!"

"मंग मी कुठून येऊन राह्यलो होतो?"

मी इतकी हसले की मला ठसका लागला. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. दादा चिडून शेगडीजवळ जाऊन बसला, पण अट काही त्यानं सोडली नाही.

टपरीवरची रिटायर मंडळी संध्याकाळी आमच्या अंगणात यायला लागली. आधी बघायला, मग स्वतःच्या बादल्या घेऊन. सात-आठ म्हातारे भिंतीला पाठ लावून रांगेत, प्रत्येकाच्या पुढ्यात बादली, मनगटापर्यंत हात आत, आणि तोंडानं राजकारण. चहा आला की कोणाला पिता यायचा नाही, हात पाण्यात, मग मी शिव्या घालत एकेकाच्या तोंडाला कप लावायचे. शेजारीण कुंपणावरून आईला विचारायची, "कोनसे देवता का व्रत है?" पाणी तापवायचं काम आईचं. दिवसभर ती भुशाच्या शेगडीपाशी, एक गंज, म्हणजे मोठं पातेलं, उतरव, दुसरं चढव. कोणी तिचे आभार मानल्याचं मला आठवत नाही. मीही मानले नाहीत.

ठरलेला रविवार आला. बाबांनी नदीवर हात वर करून बुडी मारली, घरी येऊन तेल लावलं, मोजे घातले. अंगणात सगळी मंडळी जमली. दादा स्टुलावर पट्टी घेऊन बसला, हात चांगले शेकून. मी वही घेतली. बाबांनी बादलीत दहा मिनिटं हात ठेवले, पुसले आणि अंगठा-बोट उघडून बसले. चेहरा असा गंभीर, की कोणी शिंकलंसुद्धा नाही.

एकोणीस. अठरा. एकोणीस. सतरा.

चौथ्याला मंडळींनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. एकच राहिलं होतं. पण तेवढ्यात वारं सुटलं आणि बाबा म्हणाले, थांबा, बोट गार पडून राह्यलं, एकदा पाण्यात टाकू द्या. तहसिलीतून रिटायर झालेले एक काका उत्साहानं बादली ढवळायला धावले आणि ढवळलं कशानं, तर माझ्या थर्मामीटरनं. तो बादलीच्या कडेला लागून फुटला. काचा पडल्या म्हणून ते पाणी फेकावं लागलं. मी काकांना काय बोलले ते लिहीत नाही.

आई म्हणाली, "राहू दे वं बाई. मी पाह्यते न हातानं." तिनं शेगडीवरचं गंज उतरवून बादलीत ओतलं, वरून दोन लोटे गार पाणी टाकलं, मनगटापर्यंत हात घालून सावकाश ढवळलं, आणखी एकदा ढवळलं आणि म्हणाली, "बेताचं आहे. टाका हात."

बाबांनी दोन्ही हात आत घातले आणि किंचाळून उभे राहिले. बादली उलटली, स्टूल पडलं, मंडळी पाय वर घेऊन पळाली. बाबा अंगणभर हात झटकत नाचत होते. आणि दादा, माझा तो सुरक्षावाला भाऊ, पोट धरून हसत होता. "पास! बाबा, पास! किती फास्ट काढले हात! पट्टीची काय गरज आहे आता?" सगळे हसायला लागले. बाबाही हसायला लागले, डोळ्यांत पाणी. तहसिलीचे काका ओरडले, "नस जिंदा है!" दादा आत गेला, चाबी घेऊन आला आणि सगळ्यांसमोर बाबांच्या लाल झालेल्या हातात ठेवली.

मी आईकडे बघितलं. ती लोटा धरून तिथंच उभी होती. तिला कळतच नव्हतं काय झालं ते. "अहो, एवढं काय झालं?" ती म्हणाली. "कोमटच तर होतं."

तिचा उजवा हात मनगटापर्यंत टोमॅटोसारखा लाल होता. त्यातून वाफ निघत होती.

हसणं एकेकाचं थांबलं. दादा सवयीनं पट्टी उचलून म्हणाला, "आई, तू जरा बस इथं, बोटं उघड..." बाबा त्याच्यावर असे ओरडले, की तसे ते माझ्या जन्मात ओरडले नव्हते. "फेक ते पट्टी!" दादानं ती खाली टाकली.

बाबांनी आईला विचारलं, "कवापासून?"

"काय कवापासून?"

"हाताले कळत नाई ते."

आई लोट्याकडे बघत म्हणाली, "झाले असतील चार-पाच वर्षं. पायाचं त्याच्याही आधीचं. बोटं झोपल्यासारखी वाटतात. वय झालं म्हटलं, होते."

"सांगतलं काहून नाई?"

"तुमच्या हाताचं चालू होतं न," ती म्हणाली. "त्यात आणखी माह्यं कुठं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. इतके दिवस मी घरात पट्टी घेऊन फिरत होते, दाराशी येणाऱ्या दूधवाल्याचासुद्धा हात मी मोजला होता, आणि वहीत आईच्या नावाचं एक पान नव्हतं. मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

बाबांनी तिच्या हातातून लोटा काढून घेतला आणि तिला अंगणातल्या नळाशी नेलं. नळ पूर्ण सोडला आणि तिचा हात धारेखाली धरला. माघातलं पाणी, रात्रभर टाकीत राहिलेलं. तिला ते गारही लागत नव्हतं, ती नुसती बघत होती. मी म्हटलं, बाबा, सोडा, मी धरते. त्यांनी मान हलवली. दोन्ही हातांनी त्यांनी तिचा हात पाण्यात धरला होता आणि आम्ही पंधरा-वीस मिनिटं तसेच उभे राहिलो. मंडळी एकेक करून बादल्या उचलून निघून गेली. दादा आत जाऊन सगळ्या डब्यांत मलम शोधत होता आणि त्याला काही सापडत नव्हतं.

शेवटी बाबा म्हणाले, डॉक्टरकडे घेऊन जाऊ. तिच्या हाताला ओला पंचा गुंडाळला, खिशातून चाबी काढली आणि स्कूटरला लावली. चाबी फिरेना. त्यांची बोटं पांढरी पडली होती, वळतच नव्हती. एकदा केलं, दोनदा केलं. मग चाबी तशीच लावलेली ठेवून ते बाजूला झाले.

"तू चालव," ते मला म्हणाले.

"बाबा, थोडं थांबा, ऊब आली का तुम्हीच..."

"चालव म्हटलं न."

मी बसले. मधे आई बसली, मागं बाबा. तिघं एका स्कूटरवर, दारात दादा, जो जन्मभर लोकांना असं बसू नका सांगत आला, त्यानंच वाट मोकळी करून दिली. मी किक मारली, गल्लीत गाडी काढली आणि अगदी हळू चालवत निघाले. आई माझ्या पाठीला टेकली होती. थोडं पुढे गेल्यावर तिनं मान मागं वळवली.

"अहो, हात धरला न तुम्ही माह्या?"

"धरला आहे," बाबा म्हणाले.

"हौ का," आई म्हणाली. "मले वाटलं, नाई धरला."